‘डिमीन देमसेल्व्ज’ : वॉशिंग्टन ज्यूंना कमी लेखत होते का?

तुमची अडचण मला कळली ती अशी. तुमच्या बेने इस्राएल मंडळाच्या, म्हणजे मराठी बोलणाऱ्या ज्यूंच्या मंडळाच्या, वार्षिक अंकासाठी तुम्ही अमेरिकेचे पहिले राष्ट्राध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टन यांनी 1790मध्ये र्‍होड आयलंड राज्यातल्या न्यूपोर्टच्या ज्यू मंडळीला लिहिलेलं पत्र मराठीत आणताय. पत्र सुंदर आहे, काम रंगलंय, आणि मधेच एका वाक्यावर गाडी अडली. सरकारच्या संरक्षणाखाली राहणाऱ्यांनी ‘शुड डिमीन देमसेल्व्ज ॲज गुड सिटिझन्स’, असं तिथे म्हटलंय. तुमच्या कोशात ‘डिमीन’ म्हणजे कमीपणा आणणे, मानहानी करणे. ओळखीच्या एका इंग्रजीच्या सरांनी सुचवलं की ‘स्वतःकडे कमीपणा घेऊन, नम्रपणे राहावे’ असं करा. आणि तुमचे मामा म्हणतात, आपल्याच अंकात आपल्याच लोकांचा असा अपमान कशाला छापायचा, ते वाक्यच गाळा.

वाक्य गाळू नका. सरांचं भाषांतरही घेऊ नका. इथे ‘डिमीन’चा अर्थ फक्त ‘वागणे’ एवढाच आहे. ‘चांगल्या नागरिकांसारखं वागावं’, बस. पण एवढं सांगून थांबले तर उद्या मामा विचारतील, ‘तुला कोणी सांगितलं?’ आणि तुमच्याकडे उत्तर नसेल. म्हणून जरा सविस्तर लिहिते. जुने इंग्रजी दस्तऐवज, खरेदीखतं, ट्रस्टडीड, मृत्युपत्रं मराठीत करून देणं हेच माझं काम आहे, आणि हा शब्द त्या कागदांत अधूनमधून भेटतोच.

आधी सरांच्या बाजूने एक गोष्ट सांगायला हवी. आजच्या इंग्रजीत ते शंभर टक्के बरोबर आहेत. आज कोणी ‘डिमीनिंग रिमार्क’ म्हणालं तर तो मान खाली घालायला लावणारा शेराच असतो. ‘डिमीनिंग वर्क’ म्हणजे माणसाला हलकं वाटावं असं काम. आजचं वर्तमानपत्र, आजचा निकाल, आजचं कंपनीचं आचारधोरण यांत दुसरा अर्थ शोधायला जाऊ नये. पण तुमचा कागद सव्वादोनशे वर्षांहून जुना आहे, आणि तेव्हा एकाच उच्चाराची, एकाच स्पेलिंगची दोन क्रियापदं शेजारी शेजारी नांदत होती.

पहिलं क्रियापद फ्रेंचमधून आलं. जुन्या फ्रेंचमधलं ‘देमने’ म्हणजे नेणे, चालवणे, हाकणे. त्याच्या मुळाशी लॅटिनमधलं धाक घालणं, दरडावणं आहे. गुरं हाकताना माणूस ओरडतो, काठी उगारतो, त्यावरून ‘हाकणे’ आणि मग नुसतं ‘नेणे’ असा त्या शब्दाचा प्रवास झाला. धमकी या अर्थाचा इंग्रजी ‘मेनेस’ त्याच मुळातला. तर स्वतःला नेणं, स्वतःला चालवणं, म्हणजेच वागणं. या क्रियापदाचं नाम तुम्हाला चांगलं ठाऊक आहे: ‘डिमीनर’. माणसाची वागण्याची ढब, चेहऱ्यावरचा-देहावरचा भाव. त्यात कमीपणाचा लवलेशही नाही. आपल्या दिवाणी प्रक्रिया संहितेत आदेश 18, नियम 12 पाहा. साक्ष देताना साक्षीदाराच्या ‘डिमीनर’बद्दल न्यायाधीशाला शेरा नोंदवता येतो. साक्षीदार चाचरत होता का, नजर चुकवत होता का, ते. तिथे कोणी साक्षीदाराचा अपमान करत नसतं. आणि ‘मिसडिमीनर’ म्हणजे मुळात गैरवर्तन, त्यावरून मग किरकोळ गुन्हा. अमेरिकी राज्यघटनेत राष्ट्राध्यक्षांवरच्या महाभियोगाच्या कलमात हा शब्द 1787पासून बसलेला आहे.

दुसरं क्रियापद घरगुती आहे. इंग्रजीतलं ‘मीन’ म्हणजे हलका, क्षुद्र. त्याला पुढून ‘डि’ जोडला, ‘डिबेस’च्या धर्तीवर, आणि झालं ‘डिमीन’: हलकं करणे. हे 1600च्या आसपास लिखाणात दिसू लागतं. पहिलं त्याच्याही आधी काही शतकं वापरात होतं. दोन्ही कानाला सारखीच, त्यामुळे पुढे जे व्हायचं ते झालं. ऐकणाऱ्याला ‘मीन’ ओळखीचा, फ्रेंच मूळ अनोळखी. ‘वागणे’वाला अर्थ हळूहळू मागे पडला आणि ‘हलकं करणे’वाल्याने घर बळकावलं. एकोणिसाव्या शतकात काही चोखंदळ मंडळी या नव्या अर्थाला गावठी म्हणून नाकं मुरडत होती, पण वापरणाऱ्यांनी ऐकलं नाही.

इथे एक फसगत टाळा. ‘जुना कागद, म्हणून जुना अर्थ’ हे गणित सरळ नाही. 1790मध्ये दोन्ही अर्थ जिवंत होते. त्यामुळे नुसती तारीख दाखवून मामांना गप्प करता येणार नाही. तारखेने एवढंच सिद्ध होतं की ‘वागणे’ हा अर्थ शक्य आहे. तोच अर्थ आहे हे वाक्याच्या बांधणीवरून ठरतं.

बांधणी अशी बघायची. ‘वागणे’ या अर्थाच्या ‘डिमीन’ला दोन गोष्टी लागतात: स्वतःवाचक सर्वनाम आणि रीत. कसं वागला, कोणासारखा वागला, हे सांगितल्याशिवाय वाक्य पुरं होत नाही. ‘ही डिमीन्ड हिमसेल्फ वेल’, तो नीट वागला. ‘ॲज गुड सिटिझन्स’, चांगल्या नागरिकांसारखं. ‘इन अ पीसेबल मॅनर’, शांततेने. मराठीत ‘तो वागला’ एवढंच म्हणून थांबलात तर ऐकणारा विचारतो, ‘कसा?’ तसंच तिथे. ‘हलकं करणे’वाल्या ‘डिमीन’ला रीत लागत नाही, कृत्य लागतं. ‘ही डिमीन्ड हिमसेल्फ बाय बेगिंग’, हात पसरून त्याने स्वतःची शोभा करून घेतली. त्या ‘बाय’नंतर जे येतं ते हलकं करणारं कृत्य. किंवा ‘आय वुडन्ट डिमीन मायसेल्फ टु आन्सर दॅट’, असल्या गोष्टीला उत्तर द्यायला मी इतकी खाली उतरणार नाही. आणि स्वतःवाचक सर्वनाम नसेल, कोणी दुसऱ्याला ‘डिमीन’ करत असेल, तर प्रश्नच मिटला, तो अपमानच.

आता तुमचं वाक्य या कसोटीला लावा. सर्वनाम आहे. पुढे ‘ॲज गुड सिटिझन्स’ ही रीत आहे. चांगला नागरिक होणं हे हलकं करणारं कृत्य असूच शकत नाही. ‘चांगले नागरिक म्हणून स्वतःला हीन करा’ याला कोणत्याही भाषेत काही अर्थ नाही.

संदिग्ध जागाही असतात, नाही असं नाही. शेक्सपिअरच्या ‘कॉमेडी ऑफ एरर्स’मध्ये जुळ्यांच्या गोंधळात एक गणिका अँटिफोलसबद्दल म्हणते की हा नक्की वेडा झालाय, ‘एल्स वुड ही नेव्हर सो डिमीन हिमसेल्फ’. त्याने तिची चाळीस डकॅटांची अंगठी घेतलीय, बदल्यात साखळी कबूल केलीय आणि आता दोन्ही नाकारतोय. ‘नाहीतर तो असा वागला नसता’, की ‘नाहीतर तो इतका खाली उतरला नसता’? तिथला ‘सो’ दोन्हीकडे झुकतो, आणि प्रसंगही दोन्ही अर्थांना पुरतो. मी ‘असा वागला नसता’ घेईन. नाटक 1590च्या दशकातलं आहे, दुसरा अर्थ तेव्हा जेमतेम उगवत होता. पण रंगमंचावर आज कोणी नटी ते वाक्य ‘इतका घसरला नसता’ अशा सुरात म्हणाली तर मी भांडायला जाणार नाही. तुमच्या वाक्यात मात्र अशी दुहेरी वाट नाही.

मामांसाठी याहून पक्का पुरावा त्या काळच्या इतर कागदांत आहे. त्याच दशकभरात, त्याच देशात, त्याच प्रकारच्या मजकुरात हे क्रियापद कसं वापरलं जात होतं ते पाहा. मॅसॅच्युसेट्सच्या 1780च्या राज्यघटनेत हक्कांच्या जाहीरनाम्यातलं तिसरं कलम आहे. ख्रिस्ती धर्माचा जो जो पंथ शांततेने आणि राज्याचे चांगले प्रजाजन म्हणून ‘डिमीनिंग देमसेल्व्ज’ राहील, त्या प्रत्येकाला कायद्याचं सारखंच संरक्षण मिळेल. ओहायो नदीच्या वायव्येकडच्या प्रदेशासाठी 1787मध्ये जो अध्यादेश निघाला त्याच्या पहिल्याच कलमात म्हटलंय की शांतपणे आणि सुरळीत ‘डिमीनिंग हिमसेल्फ’ राहणाऱ्या कोणाही माणसाला त्याच्या उपासनेच्या पद्धतीवरून किंवा धार्मिक मतांवरून कधीही त्रास दिला जाणार नाही. आणि 1790च्या फेब्रुवारीत अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने वकिलांसाठी शपथ ठरवली. तीत वकील म्हणतो की मी या न्यायालयाचा वकील म्हणून सचोटीने आणि कायद्याप्रमाणे ‘डिमीन मायसेल्फ’. सर्वोच्च न्यायालयाने आपल्या वकिलांकडून ‘मी स्वतःला सचोटीने हीन लेखीन’ अशी शपथ घेतली असेल, असं मामांनाही वाटणार नाही.

हे तीन कागद शेजारी ठेवले की दिसतं, धर्मस्वातंत्र्याच्या आणि शपथेच्या मजकुरात हे त्या काळचं ठरीव कायदेशीर वळण होतं. आपल्याकडे दस्तात ‘सदर मिळकत’, ‘वहिवाट’, ‘तकरार करणार नाही’ हे शब्द आपोआप येतात, लिहिणारा त्यांचा वेगळा विचारही करत नाही, त्यातलाच हा प्रकार. वॉशिंग्टन यांनी ज्यूंसाठी मुद्दाम निवडलेला शब्द नाही तो. ख्रिस्ती पंथांनाही तोच, वकिलांनाही तोच.

आणि शब्द तोच असला तरी वॉशिंग्टन यांचं वाक्य मॅसॅच्युसेट्सपेक्षा पुढे गेलंय. मॅसॅच्युसेट्सचं संरक्षण ख्रिस्ती पंथांपुरतं आहे. वॉशिंग्टन लिहितात, सरकारच्या संरक्षणाखाली जे राहतात ते. कोण, कुठल्या धर्माचे, काही नाही. तुमच्या अंकाच्या वाचकांना हा फरक सांगण्यासारखा आहे. हे पत्र लिहिलं तेव्हा धर्मस्वातंत्र्याची हमी देणारी पहिली घटनादुरुस्ती अजून अमलात आलेली नव्हती, ती डिसेंबर 1791मध्ये आली. र्‍होड आयलंडने तर राज्यघटनेला मान्यताच 29 मे 1790 रोजी दिली, मूळ तेरा राज्यांत सगळ्यांत शेवटी. आदल्या वर्षीच्या न्यू इंग्लंड दौऱ्यात वॉशिंग्टन यांनी ते राज्य वगळलं होतं. मान्यता मिळाल्यावर ऑगस्टमध्ये ते न्यूपोर्टला गेले. तिथे वेगवेगळ्या मंडळींनी त्यांना मानपत्रं दिली, त्यांत ज्यू मंडळींच्या वतीने मोझेस सेशस यांचं एक होतं. त्या मानपत्राला हे उत्तर. ‘धर्मांधतेला मंजुरी नाही, छळाला मदत नाही’ हे या पत्रातले सगळ्यांत जास्त उद्धृत होणारे शब्द आधी सेशस यांच्या मानपत्रात आहेत. वॉशिंग्टन यांनी ते उचलून सरकारच्या तोंडी घातले. जमलं तर तुमच्या अंकात दोन्ही पत्रं समोरासमोर छापा. नुसतं उत्तर छापलं तर सगळं श्रेय एकट्या वॉशिंग्टन यांच्या पदरात पडतं.

आता सगळ्यांत महत्त्वाचा पुरावा, तो पत्राच्या आतच आहे. ‘डिमीन’च्या वाक्याच्या लगेच आधीचं वाक्य काढा. वॉशिंग्टन म्हणतात, आता ‘टॉलरेशन’ची भाषा उरलेली नाही, जणू एका वर्गाच्या मेहेरबानीवर दुसऱ्या वर्गाने आपले जन्मसिद्ध हक्क उपभोगावेत अशी भाषा. म्हणजे, आम्ही तुम्हाला चालवून घेतो, असं आम्ही म्हणत नाही. हक्क तुमचेच आहेत. हे म्हणून झाल्यावर पुढच्याच श्वासात ‘पण तुम्ही स्वतःकडे कमीपणा घ्या’ असं कोण म्हणेल? सरांचं भाषांतर छापलं तर पत्र स्वतःलाच खोडून काढतं. मी कोणाच्याही भाषांतरावर पहिली शंका घेते ती इथेच: एक वाक्य मागच्या वाक्याच्या विरुद्ध जात असेल तर लिहिणारा मूर्ख होता असं धरण्याआधी आपण शब्द चुकीचा वाचलाय का ते बघायचं. बहुतेक वेळा आपणच तो चुकीचा वाचलेला असतो.

एवढं म्हणजे पुरावा झाला: शब्दाचा इतिहास दोन्ही अर्थांना वाव देतो, बांधणी ‘वागणे’कडे बोट दाखवते, त्या काळचे कागद साक्ष देतात आणि पत्राचा सूर शिक्कामोर्तब करतो. आता मराठी काय करायचं, तिथे खरी मेहनत आहे.

‘वागणे’ हा शब्द या कामाला इतका चपखल बसतो की मला दरवेळी गंमत वाटते. इंग्रजीत वागण्याची जुनी क्रियापदं बघितली तर ती बहुतेक वाहून नेण्याची नाहीतर चालवण्याची आहेत. ‘कॅरी’, ‘बेअर’, ‘कंडक्ट’, ‘कम्पोर्ट’, सगळी तशीच, आणि आपलं ‘डिमीन’ हाकण्याचं. मराठीत ‘वागणे’च्या शेजारी ‘वागवणे’ आहे. कडेवर पोर वागवतो, डोक्यावर ओझं वागवतो, घरचे-दारचे सगळे व्याप वागवतो, आणि सुनेला मुलीसारखं वागवतो. चालचलन, आचरण हेही चालण्याफिरण्यातूनच आलेले. तेव्हा ‘वागणे’ घेतलंत तर मूळ शब्दाच्या अगदी जवळ राहता.

पण रूप कोणतं, यावर बरंच अवलंबून आहे. ‘वर्तन ठेवावे’ म्हणालात की शाळेच्या प्रगतिपुस्तकाचा वास येतो. ‘वर्तणूक’ म्हटली की तहसील कार्यालयातला दाखला आठवतो. ‘नीट वागावे’ हा तर सरळ दम आहे. आई पाहुण्यांकडे जाताना मुलाला देते तसा. ‘सुनागरिकास शोभेल असे आचरण करावे’ वाईट नाही, पण फलकावरची भाषा झाली. मी ‘चांगल्या नागरिकांसारखं वागावं’ हे सरळ घेईन. वॉशिंग्टन यांची वाक्यं लांब आणि औपचारिक आहेत, पण त्यांचा सूर सरकारी फर्मानाचा नाही.

सूर का इतका जपायचा, ते एका कागदामुळे मला चांगलंच कळलं. मुंबईतल्या एका घराण्याचं इंग्रजी अमदानीतलं ट्रस्टडीड माझ्याकडे आलं होतं. त्यात धाकट्या भावाच्या विधवेला दरमहा काही रक्कम द्यायची होती, ‘सो लाँग ॲज शी शॅल डिमीन हरसेल्फ विथ प्रोप्रायटी’. अर्थ सरळच: ती मर्यादेने वागेल तोवर. बांधणीही स्पष्ट, सर्वनाम आहे, रीत आहे. पण ते मराठीत लिहिताना जाणवलं की शब्द नुसता ‘वागणे’ असला तरी कलम तिच्यावर पहारा बसवणारं आहे. पैसे देणारेच ठरवणार मर्यादा म्हणजे काय. अशिलाचे वकील म्हणाले, जरा सौम्य करा. मी केलं नाही. दस्तात जे आहे ते तसंच दिसलं पाहिजे. सौम्य केलं असतं तर त्या बाईवर काय अट होती हेच कागदावरून पुसलं गेलं असतं.

तुमच्या पत्रातही हे लागू आहे, फक्त उलट्या दिशेने. मामांच्या रागाला थोडा आधार आहे, तो मी नाकारत नाही. वॉशिंग्टन यांच्या वाक्यात अट आहेच. सरकार काहीतरी ‘रिक्वायर’ करतंय, मागतंय. ती अट गुळगुळीत करून ‘सरकार फक्त अशी आशा बाळगते’ असं करू नका. तिथे ‘ओन्ली’ आहे, त्याच्याकडे बघा. ‘एवढंच मागतं’, म्हणजे याहून जास्त काही नाही. धर्म सोडा, नाव बदला, आमच्या देवळात या, यातलं काहीही नाही. त्या ‘एवढंच’मध्ये पत्राचा मोठेपणा आहे, आणि भाषांतरात तोच शब्द सगळ्यांत आधी गळतो असा माझा अनुभव आहे. ‘फक्त’ वापरलात तर तो भलत्याच शब्दाला चिकटण्याची शक्यता असते, ‘फक्त त्यांनीच वागावे’ असं कोणी वाचेल. ‘एवढंच’ वाक्याच्या शेवटी, क्रियापदाला लागून ठेवा.

आणखी एक बारीक जागा आहे. ‘गुड सिटिझन्स’नंतर स्वल्पविराम आणि ‘इन गिव्हिंग इट’ असं सुरू होतं: प्रत्येक प्रसंगी सरकारला आपलं परिणामकारक पाठबळ देऊन. बरेच जण इथे ‘आणि’ घालतात: चांगलं वागावं आणि पाठबळ द्यावं. मग दोन मागण्या होतात. मूळ वाक्यात एकच मागणी आहे आणि दुसरा भाग पहिल्याचा खुलासा आहे. चांगलं वागणं म्हणजे काय, तर हे पाठबळ देणं. ‘इफेक्च्युअल’ला ‘मनापासून’ करू नका, मन त्यात नाहीये. प्रत्यक्ष उपयोगी पडणारं, कामाला येणारं पाठबळ आहे ते.

मी केलं असतं ते असं: ‘सुदैवाने अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांचे सरकार धर्मांधतेला थारा देत नाही, छळाला हातभार लावत नाही. त्याच्या संरक्षणाखाली जे राहतात त्यांनी प्रत्येक प्रसंगी त्याला कामाला येईल असे पाठबळ देऊन चांगल्या नागरिकांसारखे वागावे, ते एवढेच मागते.’ मूळचं एक वाक्य मी दोन केलंय, कारण मराठीत ते एका दमात ओढलं की मधे वाचक हरवतो. ‘थारा’ शब्द ‘सँक्शन’ला नेमका नाही, ‘सँक्शन’ म्हणजे मान्यता, अधिकृत संमती. पण ‘मान्यता देत नाही’ म्हटलं की नुसती कागदोपत्री नामंजुरी वाटते. हे तुम्ही ठरवा, दोन्ही चालतील. अंकाची भाषा बोलीतली असेल तर ‘वागावं’, ‘मागतं’ करा. मात्र सबंध पत्रात एकच ठेवा.

पत्राच्या शेवटी अब्राहामाच्या वंशजांनी आपापल्या द्राक्षवेलीखाली नि अंजिराखाली निर्धास्त बसावं, कोणी त्यांना भिववू नये, असं येतं. ते मीखा संदेष्ट्याच्या पुस्तकातल्या चौथ्या अध्यायातलं आहे. ते तुम्ही नव्याने भाषांतरित करू नका. तुमच्या घरात, तुमच्या सिनेगॉगमध्ये तो उतारा ज्या मराठीत वाचला जातो तीच मराठी घ्या. पुण्यात 1874मध्ये हगादा, म्हणजे वल्हांडण सणाला वाचायचा ग्रंथ, हिब्रूसोबत मराठीतून छापणारा तुमचा समाज आहे; धर्मग्रंथाची मराठी तुम्हाला माझ्याकडून घ्यायची गरज नाही. ओळखीचे शब्द आले की वाचकाला आपोआप कळतं, राष्ट्राध्यक्ष इथे ज्यूंच्याच ग्रंथातून बोलतोय.

‘डिमीन’वर तळटीप द्यायची का, असंही विचारलंत. मराठी भाषांतरासोबत मूळ इंग्रजी छापत असाल तर जरूर द्या, कारण इंग्रजी वाचणाऱ्याच्या मनात हीच शंका येणार, आजच्या अमेरिकी वाचकालाही हा शब्द खटकू शकतो. दोन ओळी पुरेत: त्या काळी हे क्रियापद ‘वागणे’ या अर्थी रूढ होतं, त्याच दशकातल्या राज्यघटनेत आणि वकिलांच्या शपथेत तसंच आलंय. नुसतं मराठी छापत असाल तर टीप नको. नसलेला अपमान टीप देऊन वाचकाच्या डोक्यात घालण्यात काय हशील?

शेवटचा तुमचा प्रश्न, अमेरिकेतल्या एका ज्यू मंडळीला तुम्ही इंग्रजीत जे पत्र पाठवणार आहात त्यात याच पत्राची आठवण म्हणून ‘वी हॅव ऑलवेज डिमीन्ड अवरसेल्व्ज ॲज गुड सिटिझन्स’ असं लिहू का? वॉशिंग्टन यांचं वाक्य आधी अवतरणचिन्हांत देऊन त्याच्या पाठोपाठ लिहिलंत तर जाणकाराला दाद द्यावीशी वाटेल. सुटं लिहिलंत तर वाचणारा दचकेल. सुटं लिहायचं असेल तर ‘कंडक्टेड अवरसेल्व्ज’ करा, ते कुठेही चालतं. ‘कम्पोर्टेड’ही बरोबर आहे, पण थोडं भारदस्त, आणि त्याच्यापुढे ‘विथ’ आला की अर्थ बदलून ‘सुसंगत असणे’ होतो. अमेरिकी निकालपत्रांत तो तसा सारखा येतो. ‘अक्विटेड अवरसेल्व्ज वेल’ म्हणजे कसोटीच्या प्रसंगी कामगिरी चांगली बजावली, रोजच्या वागण्याला तो लागू नाही. आणि ‘डिपोर्टेड अवरसेल्व्ज’च्या वाटेला जाऊ नका. अर्थ ‘वागलो’ असाच आहे, डौलदार चालण्या-बसण्याला ‘डिपोर्टमेंट’ म्हणतात ते त्यातूनच. पण त्याचाही एक जुळा भाऊ आहे, हद्दपार करणारा, आणि पाठवलेलं पत्र कुठल्या भावाच्या हाती लागेल ते सांगता येत नाही.